पीएच कमी दाखवतो? सोडा नंतर, आधी काटा तपासा

आमचा धंदा कापडाचा. माशांचा नाही. तरीही या पानावर आज माशांच्या टाकीविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. अलीकडे अनेक व्यापारी बांधव दुकानाच्या दर्शनी भागात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवू लागले आहेत. रंगीत मासे आणि प्रवाळ, ज्याला उर्दूत आपण मर्जान म्हणतो, पाहून गिऱ्हाइकांची मुले थांबतात, मुले थांबली की आईबाप थांबतात, आणि आईबाप थांबले की दोन ठाण जास्त उघडले जातात. आम्हीही मुलाच्या आग्रहाने खामगावच्या दुकानात 200 लिटरची टाकी बसवली. समुद्र इथून शेकडो मैल लांब. पाणी आरओचे, आणि त्यात मुंबईहून आणलेले तयार मीठ.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी दुकान खचाखच भरलेले. मुलाने पाण्यात पीएच मोजायचे पेन बुडवले, आकडा आला 7.7. पुस्तकात लिहिलेले 8.1 ते 8.4. मुलगा घाबरला. आम्हाला वाटले, यात काय मोठे? रंगाच्या कुंडात पीएच उतरला की कारागीर सोडा अ‍ॅश टाकतो, तसाच इथे टाकू. आतल्या खोलीतून धुण्याच्या सोड्याची एक मूठ आणली आणि टाकीत सोडली. पाच मिनिटांत पाणी ताकासारखे पांढरे झाले. पेन 9 च्या वर गेले. दुसऱ्या दिवशी पंपाच्या तोंडाशी पांढरा चुना बसलेला, बटणासारखे उमलणारे प्रवाळ मिटलेले, ते पुन्हा उमललेच नाहीत. दोन क्लाउन मासे कसेबसे वाचले. 18 हजारांचा माल गेला, आणि तो आमच्याच हाताने गेला.

नंतर चौकशी केली तेव्हा समजले की टाकीला त्या दिवशी आजारच नव्हता. तो कसा नव्हता, आणि असता तर काय करायला हवे होते, ते खाली सांगत आहोत.

प्रथम हा पीएच काय आहे ते समजून घेऊ. डेन्मार्कच्या सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने 1909 मध्ये हे माप काढले. 7 म्हणजे ना आंबट ना खारट-तुरट, मधला. त्याखाली आंबट, म्हणजे तेजाबाची बाजू. त्यावर खाराची बाजू, म्हणजे अल्कली. हा अल्कली शब्द अरबीतल्या 'अल-कली'वरून युरोपात गेला, खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सज्जीखार म्हणतात तीच जात. या मापाची एक खोच व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी: हा गजासारखा सरळ चालत नाही. एक पूर्ण अंक खाली म्हणजे आंबटपणा दहापट, आणि 0.3 खाली म्हणजे सुमारे दुप्पट. म्हणून 8.2 आणि 7.9 यांतला फरक दिसायला छोटा, पण प्रवाळाला मोठा. प्रवाळ पाण्यातला चुना उचलून आपला सांगाडा बांधतो, आणि पीएच उतरला की त्याची ही बांधणी मंदावते.

दुसरी गोष्ट अल्कता. पीएच म्हणजे आजचा बाजारभाव, आणि अल्कता म्हणजे गोदामात पडलेला माल. भाव सकाळ-संध्याकाळ हलतो, गोदाम तसे हलत नाही. पाण्यात विरघळलेल्या सोड्याचा म्हणजे बायकार्बोनेट व कार्बोनेटचा हा साठा आंबटपणाचे धक्के सोसतो. तो मोजण्याचे वेगळे किट मिळते आणि त्याचा आकडा 'डीकेएच' या मापात येतो. समुद्रात तो 7 च्या आसपास असतो, टाकीत 8 ते 11 ठेवतात. आम्ही त्या संध्याकाळी भाव पाहिला, गोदाम उघडून पाहिलेच नाही. नंतर हिशेब मांडला: 200 लिटरमध्ये सोडा अ‍ॅशने एक डीकेएच वाढवायला जेमतेम 4 ग्रॅम लागतात. आमची मूठ 50 ग्रॅमची. म्हणजे एका झटक्यात तेरा डीकेएच!

पांढरे काय झाले, हे समजायला आमच्याच जिल्ह्यात चांगला दाखला आहे. मेहकरवरून लोणारला गेलेल्यांनी ते सरोवर पाहिले असेल. उल्का आदळून बेसाल्टच्या काळ्या खडकात पडलेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. पाणी आत येते, ओढ्यांनी, झऱ्यांनी, पावसाने. बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ होऊन जाते. खार मागे राहतो. हजारो वर्षे हेच चालले, म्हणून तिथला पीएच साधारण 9.5 ते 10.5 भरत आला आहे. हा खार आपल्या कारागिरांच्या जुन्या ओळखीचा. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची नोंद करताना लोणार भागात काच आणि साबण बनवायचा माल मिळतो, हे लिहून ठेवले आहे. पुढे इंग्रजांच्या काळातही सरोवराचा खार साबण, बांगड्या आणि कापडाच्या रंगकामासाठी जात असे. पापड्या, डल्ला अशी त्या खाराच्या प्रतींची नावे होती. आज सरोवर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीतही आहे, तो धंदा इतिहासजमा झाला.

आता पाहा, पीएच जास्त म्हणजे पाणी चांगले असे असते तर लोणारात प्रवाळाचे डोंगर उभे राहिले असते. तिथे प्रवाळ जगूच शकत नाही. कारण सोडा इतका भारी झाला की पाण्यातला चुना त्याच्याशी जुळून दगड होतो आणि तळाला बसतो. पाण्यात चुना उरतच नाही. 2020 च्या जून महिन्यात सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की पाणी आटून खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. त्या पाण्यात राहणारी रहिवासी मंडळी अशी असते. आम्ही मूठभर सोडा टाकून आमच्या दुकानात पाच मिनिटांत छोटे लोणार करून ठेवले होते. ताकासारखे पांढरे दिसले तो प्रवाळाच्या तोंडचा चुना होता, पाण्यातून निघून पंपात जाऊन बसला.

म्हणजे आकडा वर नेणे हे काम नव्हे. आकडा खाली का दिसतो, ते शोधणे हे काम.

पहिला संशय नेहमी काट्यावर. कापड कमी भरले तर आपण आधी गज तपासतो, गिऱ्हाइकावर आळ घेत नाही. पीएचच्या पेनाचेही तसेच. त्याला जोडण्यासाठी ठरलेल्या पीएचचे द्रावण मिळते: 4 चे, 7 चे, 10 चे. समुद्राच्या टाकीसाठी 7 आणि 10 लागतात, कारण आपला आकडा त्यांच्या मध्ये येतो. 4 चे इथे काही काम नाही. आमचे पेन 7 च्या द्रावणात 6.8 दाखवत होते आणि 10 च्या द्रावणात 9.7. म्हणजे त्या संध्याकाळचा 7.7 हा खरा 7.9 च्या घरातला होता! द्रावणाबाबतही सावध राहावे. 10 चे द्रावण उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरते. मग उतरलेल्या मापाने जुळवलेले पेनही खोटेच बोलणार. वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये.

पेनाच्या टोकाला काचेचा बारीक फुगा असतो. तो कोरडा पडला की पेन सुस्त होते. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टोपण सैल राहिले तर दोन दिवसांत कोरडा पडतो. टोपणात पेनासोबत येणारे साठवणीचे द्रावण असावे, आरओचे पाणी नव्हे. आरओच्या पाण्याने फुग्यातले क्षार निघून जातात. फुग्यावर शेवाळ किंवा चुना बसला तरी आकडा चुकतो. रोज वापरातले पेन वर्ष-दोन वर्षांत थकते, ते बदलावे लागते, यात दुकानदाराने फसवले असे नाही. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या असतील तर खाऱ्या पाण्यात हमखास चुकतात. किटावर समुद्राच्या पाण्यासाठी असे लिहिले आहे का, ते पाहूनच घ्यावे.

लोणारच्या पाण्यात तर आणखी एक गंमत होते. पीएच फार वर आणि पाण्यात सोडियम भरपूर असले की काचेचे टोक सोडियमलाही फसते आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. शिवाय धारेचे गोडे पाणी जिथे सरोवरात पडते तिथे मोजले तर एक आकडा, मध्यावर मोजले तर दुसरा. तेव्हा कोणी एका बाटलीवरून सरोवराचा पीएच उतरला असे सांगितले तर बाटली कुठली, कोणत्या महिन्यातली, काटा कोणता, हे विचारावे. टाकीतही आरओचे भरणीचे पाणी जिथे पडते तिथे पेन बुडवू नये.

काटा बरोबर निघाला, तर मग घड्याळ पाहावे. टाकीतले शेवाळ आणि प्रवाळातले सूक्ष्म जीव उजेडात कार्बन डायऑक्साइड खातात, अंधारात सोडतात. म्हणून पीएच पहाटे सर्वांत कमी आणि दिवे मालवण्याच्या आधी सर्वांत जास्त असतो. दोन्हींत 0.2 ते 0.4 चा फरक पडणे स्वाभाविक आहे. पहाटे 7.8 आणि रात्री 8.2 ही निरोगी टाकी होय. एकाच वेळी मोजून घाबरणे म्हणजे सकाळच्या बोहणीवरून दिवसाचा गल्ला ठरवणे. आम्ही वही केली: सकाळी दुकान उघडताना आणि रात्री बंद करताना, दोन आकडे, शेजारी दुकानात गर्दी किती होती त्याची खूण.

त्या वहीनेच खरा चोर पकडून दिला. जुम्म्याला दुकान दुपारपर्यंत बंद असते, त्या दिवशी आकडा वर. सणाच्या गर्दीत, काचेची दारे बंद, एसी चालू, आत साठ-सत्तर माणसे, तेव्हा आकडा खाली. माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, एसी तीच हवा आत फिरवतो, आणि टाकीचा पंप ती हवा पाण्यात मिसळतो. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत 420 च्या वर आहे, बंद आणि गर्दीच्या खोलीत ते हजार-दीड हजारावर सहज जाते. अल्कता तेवढीच राहून हवेतला हा वायू दुप्पट झाला की पीएच सुमारे 0.3 उतरतो. म्हणजे पाण्यात खोट नव्हती, दुकानाच्या हवेत होती. त्यावर सोडा टाकणे म्हणजे धूर झाला म्हणून भिंत रंगवणे.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. टाकीचे पाणी दोन भांड्यांत घ्यावे. एक भांडे गच्चीवर किंवा ओट्यावर न्यावे, दुसरे दुकानातच ठेवावे. दोन्हींत लहान एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत आणि मोजावे. बाहेरच्या भांड्याचा आकडा चढला आणि आतल्याचा नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्हींचा चढला, तर टाकीत पाणी नीट हलत नाही, वायू कोंडला आहे. पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवावे, वरचे झाकण काढावे. दोन्हींचा चढला नाही, तर मात्र अल्कता तपासावी, तिथे गोदाम रिकामे असण्याचा संभव आहे.

हवेचा दोष निघाल्यास उपाय स्वस्त आहे. टाकीला स्किमर असतो, म्हणजे फेस काढून घाण वेगळी करणारे यंत्र. ते हवा ओढते. त्याच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून तिचे तोंड खिडकीबाहेर काढावे. आम्ही 60 रुपयांच्या नळीत काम भागवले. तोंड रस्त्याच्या धुराकडे किंवा डासांची फवारणी होते तिकडे नसावे, आणि तोंडाला जाळी लावावी. जिथे बाहेर नळी काढणे जमत नाही तिथे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा-लाइमच्या गोळ्यांचा डबा लावतात. गोळ्या संपल्या की रंग बदलतो. हा खर्च पुन्हा पुन्हा येतो, म्हणून खिडकी असेल तर खिडकीच बरी. वीज गेली की पंप थांबतो, हवा मिसळत नाही, पीएच उतरतो आणि त्याआधी मासे धापा टाकू लागतात. आमच्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप चैन नव्हे, गरज आहे. वीज आल्यावर लगेच मोजलेला कमी आकडा वहीत लिहावा, पण त्यावर औषध करू नये.

अल्कता खरोखर कमी निघाली तर सोड्याची पाळी येते. तिथेही दोन सोडे वेगळे ओळखावेत. खाण्याचा सोडा अल्कता वाढवतो, पण पीएच वर नेत नाही, उलट टाकताक्षणी किंचित उतरवतो. सोडा अ‍ॅश, म्हणजे शुद्ध धुण्याचा सोडा, दोन्ही वाढवतो. 100 लिटरला एक डीकेएच चढवायला खाण्याचा सोडा 3 ग्रॅम, किंवा सोडा अ‍ॅश सुमारे 2 ग्रॅम. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नको. आधी तांब्याभर आरओच्या पाण्यात विरघळवून, जिथे प्रवाह जोराचा तिथे थेंब थेंब सोडावा. मूठ नाही, सोनाराचा काटा वापरावा. बाजारातल्या धुण्याच्या पुड्यांत सुगंध आणि साबण मिसळलेला असतो, तो टाकीत गेला तर मासे मेलेच समजा.

काही जण चुन्याची निवळी देतात. चुना पाण्यात ढवळून वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे. त्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणून रात्री, थेंब थेंब, आटलेल्या पाण्याच्या भरणीपुरतेच. ही निवळी चुना आणि अल्कता दोन्ही एकदम देते आणि कार्बन डायऑक्साइडही खाते, म्हणून ती आम्हाला सर्वांत पटली. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळले ते टपरीवाल्यालाही सांगता येत नाही.

पाण्याविषयी एक शब्द. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचे पाणी खारट आहे, मग समुद्राच्या टाकीला चालेल, असे एका मित्राने आम्हाला विचारले होते. चालणार नाही. तो खारटपणा वेगळा, त्यातल्या क्षारांचे प्रमाण समुद्राच्या मिठासारखे नसते. आरओचेच पाणी घ्यावे. त्या शुद्ध पाण्याचा पीएच 6 च्या आसपास भरला तरी घाबरू नये. त्यात साठा काहीच नसल्याने पेन वाटेल तो आकडा दाखवते. मीठ घालून दिवसभर हलवल्यावर मोजलेला आकडाच खरा.

ज्या बांधवांना हा माल विकायचा आहे, त्यांनी बिलाची काळजी घ्यावी. 2001 पासून आपल्या समुद्रातला दगडी प्रवाळ, काळा प्रवाळ आणि समुद्रपंखा हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, पण तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. बिनबिलाचा 'स्वस्त' दगडी प्रवाळ कोणी आणून देत असेल तर तो दुकानात घेऊ नये. टाकीपेक्षा वकील महाग पडतो.

आमची टाकी पुन्हा उभी राहायला तीन महिने लागले. पंप व्हिनेगरमध्ये बुडवून त्याचा चुना काढला, पाणी दर आठवड्याला थोडे थोडे बदलले. या ईदच्या गर्दीत पेनाने पहाटे 7.9 आणि रात्री 8.1 दाखवले, अल्कता 8.5. नळी खिडकीबाहेर आहे. सोड्याचा डबा आता टाकीजवळ नसतो, रंगाच्या खोलीत असतो, आणि 7 व 10 च्या द्रावणाच्या बाटल्या गल्ल्याच्या खणात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलगा आधी पेन जुळवतो, मग टाकी मोजतो.